मटेरियल गावात आहे, सही तेवढी हवी

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी

परभणी, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या समस्त स्थापत्य अभियंत्यांस आणि वास्तुविशारदांस,



हे पत्र खुलं लिहितो आहे, कारण तुमच्यापैकी एकेकाला गाठून बोललं की उत्तर ठरलेलं असतं: ‘माझ्या हातात काय आहे?’ सगळ्यांना एकदम विचारलं तर नेमकं कुणाच्या हातात आहे, एवढं तरी कळेल.

मी गुत्तेदार आहे. गुत्तेदार म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे रस्ते, पूल आणि पांढरी गाडी उभी राहते. त्या गोतात मी नाही. दोन खोल्या, तीन खोल्या, वर पत्रा नाहीतर स्लॅब, पुढे ओटा, अशी घरं बांधतो. चुडावा आणि आजूबाजूची गावं एवढाच माझा मुलूख. माल बहुतेक नांदेडहून येतो, गवंडी गावातले असतात, आणि नकाशा तुमच्यापैकी कुणाचा तरी. बोलायचं आहे ते त्या नकाशाबद्दल.

गेली काही वर्षं पर्यावरणपूरक बांधकाम साहित्यावर तुमची चर्चासत्रं आणि प्रदर्शनं जोरात आहेत. आम्हा गुत्तेदार-गवंड्यांनाही अधूनमधून बोलावणं असतं, चहा-नाश्ता असतो, प्रमाणपत्रही मिळतं. पडद्यावर राखेची वीट दिसते, दाबून केलेले मातीचे ठोकळे दिसतात, बांबू दिसतो, भांगेच्या काडीचं काँक्रीट दिसतं, घर छापणारं यंत्रसुद्धा दिसतं. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो, हेही तिथेच कळतं. मग पुढच्या आठवड्यात त्याच साहेबांच्या टेबलावरून नकाशा येतो: आठ कॉलम, नऊ इंची भाजकी वीट, वर स्लॅब. जमीन काळी की मुरमाड, घरात माणसं किती, म्हैस आहे का, उन्हाळ्यात पाणी मारायला पाणी तरी असतं का, यातलं काही विचारलेलं नसतं. गावाचं नाव बदललं की झाला नवा नकाशा.

गैरसमज नको म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे नव्या मटेरियलचा तुटवडा नाही, जुन्याचाही नाही. ‘हे इथे चालेल, मी तपासलं आहे, घ्या माझी सही’ असं म्हणणारं माणूस मात्र सापडत नाही.

सुरुवात जमिनीपासून करतो, कारण तुमच्या चर्चासत्रांत भिंतीबद्दल आणि छताबद्दल पुष्कळ ऐकलं, पायाबद्दल फारसं नाही.

चुडाव्याकडची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये रानात अशा भेगा पडतात की हातातली काठी सहज आत जाते. पिकाला हीच जमीन सोनं आणि घराला वैरी. हिच्यावरचं घर कसं तडकतं ते एकदा सवडीने बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या थरांवरून पायरी-पायरीने वर चढणारी भेग असते. खाली केसाएवढी, वर जाईल तशी रुंद. वैशाखात तिच्यात रुपयाचं नाणं उभं शिरतं. श्रावणात ती मिटते आणि घरमालक खुशीत सांगतो, ‘बुजली बघा आपोआप.’ पुढच्या वैशाखात ती परत उघडते, आणि या वेळी गिलाव्याचा पोपडा सोबत घेऊन येते. बाहेरच्या भिंतींच्या बुडाची माती दर साली ओली-कोरडी होते, घराच्या पोटाखालची तेवढी होत नाही. त्यामुळे कडा खालीवर होत राहतात आणि मधला भाग जागेवर असतो. अशा पायावर भिंत भाजक्या विटेची असो, राखेच्या विटेची असो की त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकची, ती तडकणारच. मग लोक दोष देतात नव्या विटेला. ‘आम्ही तुमची ती पर्यावरणाची वीट वापरली, भिंत फाटली,’ हे वाक्य एकदा गावात फिरलं की पुढची दहा वर्षं त्या विटेचं नाव काढायची सोय राहत नाही.

यावरचा उपाय कुठून आणायचा आहे असंही नाही. काळ्या जमिनीतल्या कालव्यांची अस्तरं का उखडतात याचा अभ्यास आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी केला. फुगणाऱ्या मातीवर, स्वतः न फुगणाऱ्या पण चिकट असलेल्या मातीचा थर दाबून बसवला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कालव्याच्या कामासाठी ते आयएस कोडातही बसलं. चांगला, जरा चिकटपणा असलेला मुरूम त्या कामाला येतो. येतो की नाही हे प्रयोगशाळेत कळतं. आता आमच्या नकाशात काय असतं? ‘चरात वाळू भरावी.’ काळ्या मातीत खणलेल्या चरात वाळू भरली की तो चर पाण्याचा हौद होतो. पागोळ्यांचं सगळं पाणी वाळूतून झिरपत थेट पायाखाली, म्हणजे ज्या मातीला पाण्यापासून लांब ठेवायचं तिलाच पाजणं झालं. दुसरा उपाय रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेचा: बुडाशी फुगीर गोळा असलेले पाइल. गोळ्याचा व्यास वरच्या दांड्याच्या साधारण अडीचपट, आणि तो उतरवायचा जिथे जमीन वर्षभर सारखीच ओली राहते तिथवर. भोक हाताने फिरवायच्या गिरमिटानेही पाडता येतं. हेही कोडात आहे आणि अभ्यासक्रमातही. आमच्या भागात दोन-तीन खोल्यांच्या घराच्या नकाशावर मात्र मला तो कधी दिसला नाही.

तेव्हा पहिली मागणी. नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे उत्तर दिशेचा बाण असतो, त्याच्या शेजारी जमिनीचा एक रकाना ठेवा आणि तो भरल्याशिवाय सही करू नका. भरायला लागतं तरी काय? दहा ग्रॅम कोरडी, चाळलेली माती पाण्याच्या मोजपात्रात, तेवढीच माती रॉकेलच्या मोजपात्रात, चोवीस तास ठेवायची. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक मोजायचा. ही चाचणी तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला केलेली असते, त्यासाठी पुण्या-मुंबईहून कुणी यावं लागत नाही.

आता भिंतींबद्दल. दगड-मातीचं नाव काढलं की तुम्ही लगेच किल्लारी म्हणता. बरोबरच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली हजारो माणसं गेली. पण त्या भिंती कशा होत्या हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. दोन पदरी, आतली पोकळी गोटे आणि मातीने भरलेली. दोन्ही पदर जोडणारे लांब दगड नाहीत, कोपरे एकमेकांत गुंफलेले नाहीत, खिडक्यांवरून फिरणारा पट्टा नाही. आणि वर, गळती थांबावी म्हणून पिढ्यानपिढ्या चढवत नेलेली माती, फूट-दोन फूट. त्याच १९९३ साली मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि साध्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ हे कोड निघाले. (हे नंबर मी पाठ केलेत. नंबर सांगितल्याशिवाय तुम्ही आमचं ऐकत नाही.) दर किती फुटांवर आडवा लांब दगड घालायचा, दार कोपऱ्यापासून किती लांब ठेवायचं, लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा कुठून फिरवायचा, सगळं त्यात चित्रांसकट दिलेलं आहे. गावागावांत पोहोचायला हवी होती ती ही चित्रं. पोहोचलं एवढंच की दगड-माती म्हणजे मरण आणि काँक्रीट म्हणजे जीव वाचला.

त्याचा परिणाम सांगतो. सिमेंटच्या स्लॅबला पैसे पुरत नाहीत, माळवद तुम्ही घालू देत नाही, मग उरतो पत्रा. परभणीचा उन्हाळा ४३-४४ अंशांचा. पत्र्याच्या खोलीत दुपारी बाळंतीण आणि म्हातारं माणूस कसं राहतं ते शब्दांत सांगण्यात अर्थ नाही, मे महिन्यात येऊन एक तास बसा. बरं, तो पत्राही धड बसवलेला नसतो. वावटळीत उडू नये म्हणून लोक त्यावर धोंडे ठेवतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले साडेचार तीव्रतेचे धक्के आपल्या तिन्ही जिल्ह्यांत जाणवले. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाला आवाहन करावं लागलं की पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. भिंतीत बांधून बसवता आला असता तो दगड तुम्ही काढायला लावलात, आणि तो जाऊन माणसांच्या डोक्यावर बसला.

म्हणून दुसरी मागणी छताची आहे. पत्राच घालायचा असेल तर नकाशावर हुकचे बोल्ट किती, कुठे, कैचीला भिंतीतल्या पट्ट्याशी कसं बांधायचं, हे काढून द्या. स्लॅब परवडत असेल तर लॉरी बेकरांनी केरळात घराघरांत नेलेला भरावाचा स्लॅब काढून द्या. स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, तिथे जुनी कौलं किंवा हलक्या विटा बसवायच्या. काँक्रीट वाचतं आणि खोलीही थोडी गार राहते. माझे गवंडी हा स्लॅब घालायला तयार आहेत. सळईची जाळी कुठे आणि किती अंतरावर, हे मात्र त्यांनी अंदाजाने ठरवावं अशी माझी इच्छा नाही, तुमचीही नसावी. आणि जिथे जुनं माळवद धडधाकट आहे, तुळयांना वाळवी नाही, तिथे वरची जादा माती उतरवून, भिंती बांधून घेऊन ते वाचवता येईल का, एवढं तपासायला या. घर पाडायचा सल्ला देताना तुमची फी बुडत नाही हे मला कळतं, पण वाचवण्याचा सल्ला दिलात तर तीही फी आम्ही देऊ.

आता घरकुलाबद्दल. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या भागातल्या घराला केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार धरलेले आहेत, घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. राज्याने अलीकडे त्यात भर घातली, तिचं स्वागत आहे. एवढ्यात आठ कॉलमचं घर बसत नाही हे तुम्हाला, मला आणि लाभार्थ्याला, तिघांनाही माहीत असतं. मग लाभार्थी सावकार गाठतो किंवा घर लिंटेलवर अडतं. गावात फिरलात तर असे उघडे गज आकाशाकडे तोंड करून उभे दिसतील.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्कं घर कशाला म्हणायचं ते दिलेलं आहे: वापर आणि ऊन-वारा-पाऊस सोसून, साधी देखभाल केली तर, किमान तीस वर्षं टिकणारं घर. स्थानिक साहित्य आणि स्थानिक बांधणी वापरायला त्यात जागा ठेवलेली आहे. ग्रामविकास मंत्रालयाने राज्याराज्यांतल्या हवामानाला धरून घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रहही काढला. म्हणजे दिल्लीने दार उघडं ठेवलं आणि ते लावून घेतलं इथल्या टेबलांनी. मातीचा ठोकळा म्हटलं की तालुक्याला उत्तर मिळतं: ‘ऑनलाइन फोटोत कच्चं दिसेल, हप्ता अडकेल.’ असं बोलणाऱ्या कुणाचं नाव मी घेत नाही. बिचारा कंत्राटी मुलगा असतो, त्याला वरून कुणी लिहून दिलेलं नसतं. पण तुमच्यातल्या वरिष्ठांनी एक पानी पत्र काढायला काय हरकत आहे, की आयएस १७२५ प्रमाणे तपासलेल्या, चुना किंवा सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांची भिंत पक्की धरावी? कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर असंच झालं. तिथे शासनाने अशा बांधकामासाठी मार्गदर्शिका काढल्या, हुन्नरशालासारख्या संस्थांनी कारागीर तयार केले, आणि मातीची घरं सरकारी मदतीत बसली. तिथली माती काही जगावेगळी नाही. फरक पडला तो कागदाने.

एक खबरदारी मीच सांगतो, नाहीतर उत्साहात कुणीतरी शेतातली काळी माती यंत्रात घालेल. ठोकळ्याला ती नुसती चालत नाही. मुरूम, गावठाणाची पांढरी माती आणि थोडी वाळू यांचं प्रमाण बसवावं लागतं; चिकणमातीचा अंश जास्त असेल तर सिमेंटपेक्षा चुना कामाला येतो. प्रमाण गावागणिक बदलतं. तुमची गरज नेमकी इथे आहे.

राखेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो आमच्या दारातला माल आहे. परळीचं औष्णिक केंद्र चुडाव्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची: वीज केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत भाजल्या जाणाऱ्या विटांत किमान २५ टक्के राख घालावी. २००३ मध्ये अंतर शंभर किलोमीटर झालं, २०१६ मध्ये तीनशे. तेव्हाच ठरलं की शंभर किलोमीटरपर्यंत राखेच्या वाहतुकीचा खर्च वीज केंद्राने सोसायचा, त्यापुढे तीनशेपर्यंत अर्धा-अर्धा. ३१ डिसेंबर २०२१ ला नवी अधिसूचना आली आणि राख न उचलली तर वीज केंद्राला दंड लागू झाला. म्हणजे पंचवीसेक वर्षं कागद तयार होता. या काळात पूर्णा तालुक्यात किती सरकारी इमारतींच्या अंदाजपत्रकांत तुम्ही राखेची वीट लिहिलीत, ते तुम्हीच आठवून बघा. तिकडे राखेच्या तळ्याभोवतालच्या दाऊतपूर, दादाहरी वडगावकडच्या लोकांच्या ताटात ती राख उडते आणि इकडे आम्ही पोयट्याची सुपीक माती भट्टीत घालतो.

या विटेची अडचण मला माहीत आहे, आणि ती तुम्ही समजता तशी गवंड्याच्या अडाणीपणाची नाही. छोट्या कारखान्यांत माल सारखा निघत नाही. सिमेंट-चुना कमी, क्रशरची डस्ट जास्त, आणि पाणी मारायचे दिवस पुरे होण्याआधीच गाडी भरलेली. अशी वीट उतरवतानाच कोपरे सोडते. आमची तपासणी साधी असते: दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा, खिळ्याने ओरखडा काढून बघायचा, कंबरेएवढ्या उंचीवरून एक खाली टाकायची, एक रात्रभर बादलीत बुडवून सकाळी वजन करायचं. कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्यायली तर परत पाठवायची. पण कारखानदार म्हणतो, ‘मिस्त्री, तुमच्या बादलीला कोण विचारतो?’ त्याला दाबयंत्राचा आकडा दाखवावा लागतो. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे, तिन्ही जिल्ह्यांत तंत्रनिकेतनं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत दाबयंत्रं आहेत. गावच्या गुत्तेदाराने सहा विटा पोत्यात घालून आणल्या तर त्याला परवडेल अशा फीमध्ये चार दिवसांत लेखी आकडा मिळावा, ही माझी तिसरी मागणी. महिन्यातला एखादा शनिवार त्यासाठी ठेवा. त्या सहा विटा मुलांचं प्रात्यक्षिक होईल, आमचा दाखला होईल, आणि सारखं परत पाठवणारं कुणी आहे म्हटल्यावर कारखानदारही सुधारेल.

गवंड्याला सांगायच्या गोष्टीही नकाशावर लिहा. ही वीट भाजक्या विटेसारखी हौदात भिजत घालायची नसते, नुसती शिंपडायची. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, खोल उकरून ठेवायच्या, नाहीतर गिलावा धरत नाही. वीट ताजी असेल तर भिंतीत बसल्यावर आक्रसते, म्हणून तारीख बघून घ्यायची. आमच्यातल्या जाणत्यांना हे ठेचा खाऊन कळलं. कागदावर असतं तर ठेच लागली नसती. आणि राखेच्या भरवशावरही फार विसंबू नका. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा. केंद्र बंद म्हणजे राख बंद. मराठवाड्यात विटेचा हिशेबही शेवटी गोदावरीच्या पाण्यावर येतो.

वाळूचं काय सांगू? घरकुलाला पाच ब्रास मोफत वाळू जाहीर झाली, ती दारात पडेपर्यंत काय काय होतं हे तुम्ही पेपरात वाचता. यंत्राची वाळू आता सरकारी कामात आणायची ठरली आहे, आणि आपल्या काळ्या दगडाला तोटा नाही. मात्र धुतलेली, गोल कडांची यंत्रवाळू वेगळी आणि क्रशरखालची डस्ट वेगळी. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकतात. नकाशावर नुसतं ‘एम-सँड’ लिहून तुमची सुटका होत नाही, चाळणीचा आकडा लिहा.

सिमेंटात क्लिंकर निम्म्यावर आणून उरलेल्यात भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालायची, हे आयआयटींनी स्वित्झर्लंड आणि क्यूबाच्या संशोधकांबरोबर करून दाखवलं, २०२३ मध्ये त्याचा आयएस १८१८९ कोडही आला. आमच्या दुकानात ते पोतं मी अजून पाहिलेलं नाही. आलं की बोलू.

पऱ्हाटीचं मात्र आताच बोलायला हवं. कापूस वेचून झाला की आमची रानं पऱ्हाट्यांनी भरलेली असतात; थोड्या चुलीत जातात, बाकी बांधावर पेटवतात. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र केव्हाच बसवलं. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कापसाचा पट्टा आहे, आणि आमच्या घरांतल्या कपाटांची दारं, छताखालची शिलिंग यांना लागणारा बोर्ड बाहेरून येतो. तुम्ही नकाशावर तो बोर्ड मागितलात तर उद्या कुणीतरी कारखाना टाकायचा विचार करेल. कुणी मागतच नाही तर टाकेल कशाला? भांगेच्या काँक्रीटच्या स्लाइड दाखवणाऱ्यांनाही एक सांगतो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले होते, हे पुरातत्त्व खात्याच्या आणि औरंगाबादच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. आमच्याकडे भांग नको, पण बांधावर अंबाडी आहे. तिचा वाख मातीच्या गिलाव्यात घालून भेगा किती कमी होतात, हे एखाद्या पदवीच्या मुलाला प्रकल्प म्हणून द्या ना.

१ जानेवारी २०२१ ला देशात सहा ‘लाइटहाउस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली: इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, अगरतळा, लखनौ. प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास घरं, परदेशी तंत्र, काही ठिकाणी कारखान्यात ओतलेल्या भिंती. चर्चासत्रांत तुम्ही त्याचेच व्हिडिओ दाखवता. बघायला छान वाटतात. आमच्या गल्लीत क्रेन सोडा, ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा उलटी घालावी लागते.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. सही केली की जन्माची जबाबदारी येते. दरसूचीत नसलेली बाब लिहिली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, त्याची उत्तरं निवृत्तीनंतरही देत बसावी लागतात. खासगीत काम करणाऱ्यांना छोट्या घराची फी इतकी तुटपुंजी मिळते की माती तपासायला जायचं पेट्रोलही सुटत नाही. लोकही कमी नाहीत. ज्याला परवडत नाही तोच ‘आपल्याला स्लॅबच पाहिजे’ म्हणून अडून बसतो, कारण शेजाऱ्याने घातला. हे सगळं खरं आहे. म्हणून तुम्ही एकट्याने शूर व्हावं असं मी म्हणत नाही. तुमच्या संघटना आहेत, त्यांच्या जिल्हा शाखा आहेत, दरवर्षी अभियंता दिनाला, १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालता. या वर्षी हाराबरोबर एक तक्ता काढा. तिन्ही जिल्ह्यांतली जमीन कुठे कशी, तिथे कोणता पाया, कोणती वीट किंवा ठोकळा, कोणतं छत, दर किती, आणि खाली दहा-बारा जणांच्या सह्या, नोंदणी क्रमांकासकट. दहा जणांनी मिळून केलेल्या सहीवर आक्षेप घेताना लेखापरीक्षकही दोनदा विचार करतो. दरसूचीत भर घालायचा प्रस्तावही त्याच तक्त्यावरून करता येईल.

दुसरं, तालुक्याला जी नमुना घरकुलं बांधली गेली ती बहुतेक त्याच नेहमीच्या विटा-स्लॅबची निघाली. पुढचं एखादं नमुना घर काळ्या जमिनीवर, मुरमाच्या थरावर, मातीच्या ठोकळ्यांनी आणि भरावाच्या स्लॅबने बांधा, आणि त्याचं अंदाजपत्रक दर्शनी भिंतीवर रंगवा: किती पोती सिमेंट, किती मजूर, एकूण किती रुपये. तीन पावसाळे जाऊ द्या, मग गावकऱ्यांना दाखवायला आम्हीच गाडी करून घेऊन जाऊ. तडा गेला तर तोही झाकू नका. तडा कुठे गेला हे बघितल्याशिवाय आम्हाला काय कळणार?

आमच्या गल्लीत दोन घरांचे पाये दिवाळीनंतर खणायचे आहेत. दोन्ही काळ्या जमिनीवर, दोन्ही घरकुलं. मालकांशी बोललो आहे. पायात वाळू न भरता मुरूम दाबायला आणि एका घराला ठोकळ्यांची भिंत करायला ते तयार आहेत, अट एकच, साहेबाने कागदावर लिहून द्यावं. ठोकळ्यांसाठी मातीचे चार नमुने पोत्यांत भरून ठेवले आहेत. नांदेडहून पूर्णेकडे जाणारी पॅसेंजर चुडाव्याला थांबते. ज्याला यायचं असेल त्याने पाया खणायच्या आधी यावं, भरून झाल्यावर येऊन उपयोग नाही.



आपला,
चुडाव्याचा एक गुत्तेदार

ता. क. : येताना मोजपात्रं आणा. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही, तेवढी बाटलीही सोबत असू द्या.